यीस्ट-साखर की सायट्रिक ॲसिड-सोडा?

सिलिंडरचा खर्च झेपत नसेल, तर ॲक्वेरियममधल्या रोपांना कार्बन डायऑक्साइड देण्याचे हे दोन स्वस्त मार्ग.

यीस्ट-साखरेला कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, कोमट पाणी, साखर आणि चिमूटभर यीस्ट पुरतं. पण वायू किती येणार हे हवामान ठरवतं: उन्हाळ्यात भरपूर, थंडीत अगदी थोडा. दोन-तीन आठवड्यांत मिश्रण थकतं. मुख्य अडचण रात्रीची. दिवे बंद झाल्यावर झाडं हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटली तर चालूच असते. पहाटे मासे वर येऊन धापा टाकत असतील तर हे कारण आधी तपासा. पण म्हणून रात्री वायूची नळी बंद करू नका. दाब वाढून बाटली फुटू शकते.

सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याच्या जोडबाटलीला (नळीने जोडलेल्या दोन बाटल्या) नीडल व्हॉल्व्ह (वायू बारीक कमी-जास्त करणारी झडप) आणि प्रेशर गेज (दाब दाखवणारं मीटर) लागतो, म्हणून सुरुवातीचा खर्च जास्त. पण बुडबुडे हवे तितके ठेवता येतात, रात्री बंदही करता येतात. पुरेसं ॲसिड असेल तर २०० ग्रॅम सोड्यातून सुमारे १०० ग्रॅम वायू मिळतो. मासे असलेल्या टाकीसाठी मी हाच सुचवेन. फक्त अनुबियास आणि जावा फर्न ही कमी मागणीची पाण्यातली झाडं लावणार असाल, तर दोन्हींची गरज नाही.

चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मात्र दोन्हीकडे लावाच; नाहीतर टाकीतलं पाणी नळीतून उलटं बाटलीत येतं.