कचरा डेपोवरची पाखरं आणि चार नंबरची दुर्बीण

गावाबाहेरच्या जुन्या कचरा डेपोवर आता गवताळ टेकाड झालंय. तिथल्या पक्षीनिरीक्षण फेऱ्यांचा पास मी ऑक्टोबरात काढला. सहा फेऱ्यांचे पाचशे, दुर्बिणीचं डिपॉझिट दोनशे. मार्चच्या शेवटच्या रविवारी सहावी फेरी झाली. डिपॉझिट काही परत मिळालं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

भांडण दुर्बिणीवरून आहे. आठ बाय चाळीसची, चार नंबरची. उजव्या डोळ्याची रिंग पहिल्या दिवसापासून ढिली. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं चित्र साफ करायचं, मग डावा मिटून रिंगेने उजव्याचं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. एकदा बसवली की ती हलायला नको. ही नुसता पदर घासला तरी सरकायची. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली आणि मी रिंगच फिरवत होते, असं किती वेळा झालं! शेवटी तीन फेऱ्या एकाच डोळ्याने बघितलं. दुपारी घरी कपाळ धरून बसायची. मी शिवणकाम करते, डोळ्यांवर माझं पोट आहे. दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा उत्तर एकच: "पुढच्या वेळी बघू ताई."

दुसरी नाराजी सावलीची होती. सातला निघालं तरी नऊपर्यंत ऊन चटके द्यायला लागतं, आणि सगळ्या टेकाडावर एक धड झाड नाही. एवढा खर्च केला, चार निंब लावता आले नाहीत का, असं मी तिसऱ्या फेरीत फटकन बोलले. फिरवणारा मुलगा चिडला नाही. त्याने खाली बसून मातीत काडीने थर काढून दाखवले. तळाला कचरा, त्यावर दाबलेली चिकणमाती, वर पेरणीची माती. मोठ्या झाडाची मुळं चिकणमाती फोडतात, पावसाचं पाणी आत मुरतं आणि काळं होऊन पायथ्याशी झिरपतं. कचरा आत कुजतच असतो, त्याचा गॅस बाहेर पडावा म्हणून ते उभे पाइप. म्हणून वर फक्त गवत. सावलीची तक्रार मी मागे घेते. डोक्याला रुमाल बांधून जा.

त्या गवतामुळेच तर पाखरं आहेत. कचरा पडायचा तेव्हा घारी, कावळे आणि कुत्री, दुसरं काही नाही. आता चंडोल, मुनिया, थंडीत गप्पीदास, खालच्या डबक्यात शेकाट्या. आणि गवतात उंदीर, म्हणून कापशी घार. चौथ्या फेरीला मी शिलाईतली इलास्टिकची पट्टी नेली आणि रिंगेवर तीन वेढे घट्ट दिले. चिकटवलं काही नाही. मुलगा हळूच अहिराणीत म्हणाला, "दखा, तठे बठेल शे." गॅसच्या पाइपावर कापशी घार बसली होती. दोन्ही डोळ्यांनी बघितलं: पांढरीशुभ्र छाती, खांद्यावर काळा डाग, आणि डोळे लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखे. मग उडाली, एका जागी पंख फडफडवत हवेत थांबली, आणि दगडासारखी गवतात. तीन फेऱ्या मला तो लाल रंग दिसलाच नव्हता.

मुलगा खरं बोलतो, हेही लिहायला हवं. कोणीतरी रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे त्या दुर्मीळ छोट्या घुबडाबद्दल विचारलं, तर सरळ म्हणाला, तो इथे नाही, तो सातपुड्याच्या सागाच्या जंगलात. 1884 नंतर थेट 1997 साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, हेही त्यानेच सांगितलं. बदकं बघायची तर हतनूरच्या धरणावर जा, असंही म्हणतो. पण हतनूरला गाडीभाडं पडतं. इथे रिक्षाचे वीस रुपये.

फेब्रुवारीत पळस मैनांचा थवा आला तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी हातच जोडले.

आता डिपॉझिट. आयोजकांचं म्हणणं, मी दुर्बिणीला "छेडछाड" केली. अहो, पट्टी सोडली की दुर्बीण होती तशी. आणि ती अजून कोणी सोडलेली नाही, मागच्या रविवारी माझ्या जावेने त्याच पट्टीवर पूर्ण फेरी केली. मग दोनशे रुपये कशाचे कापले?

पुढच्या ऑक्टोबरात पास काढणार, त्यात बदल नाही. तुम्ही गेलात तर सही करण्याआधी दुर्बीण हातात घ्या, रिंग बसवा, दुर्बीण गळ्यात अडकवून दहा पावलं चाला आणि परत बघा. चार नंबरची मिळाली तर पट्टी काढू नका.