आमच्याच वकिलामुळे भावाचे ७७ दिवस गेले

जामिनासाठी धावपळ करणाऱ्या घरांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आम्हाला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.

माझा धाकटा भाऊ एका दुकानदाराच्या गोडाऊनमध्ये कामाला होता. तिथून तांब्याच्या वायरची बंडलं गेली आणि संशय त्याच्यावर आला. ३ फेब्रुवारी २०२५ ला त्याला पहिल्यांदा कोर्टात उभं केलं. कलम भारतीय न्याय संहितेचं ३०६, नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी. त्याने ती केली की नाही ते कोर्ट ठरवेल, खटला अजून चालू आहे. मी सांगते आहे ते वेगळं.

कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाल्यापाशी आई रडत बसली होती. एक माणूस जवळ आला, "कुणाचं काय झालंय मावशी?" म्हणाला आणि आम्हाला थेट वकिलाच्या टेबलापाशी घेऊन गेला. तो त्याच वकिलाचा कारकून आहे, हे नंतर कळलं. वकीलपत्रावर भावाची सही झाली, पंचवीस हजार रोख दिले. पावती मागितली तर वकील म्हणाले, "ताई, विश्वास नसेल तर दुसरा बघा." मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी आणखी चाळीस हजार मागितले, "वरपर्यंत पोचवावे लागतात" म्हणून. त्यासाठी आईची बोरमाळ गहाण ठेवली. कुणाच्याही नावाने असे पैसे मागितले तर तिथूनच उठा. ते पैसे वर कुठेही जात नाहीत, आणि खरंच गेले तर देणाराही गुन्ह्यात अडकतो.

मग सुरू झाल्या तारखा. फोन केला की उत्तर ठरलेलं: "बेल ठेवलाय, सरकारी वकिलांचं म्हणणं यायचंय." कधी साहेब रजेवर, कधी तपासी अंमलदार आला नाही. आम्ही प्रत्येक शब्द खरा धरला.

आता जे मला फार उशिरा कळलं ते सांगते. ज्या गुन्ह्यात दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा असते, त्यात पोलिसांना दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करावं लागतं. मोठ्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची. मुदत टळली की आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. त्याला डिफॉल्ट बेल म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६७(२) मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७(३) मध्ये आहे. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. पण अर्ज करावा लागतो. अर्ज न करता बसलात आणि मधेच दोषारोपपत्र आलं, तर हा हक्क संपतो.

आमचा साठावा दिवस होता ३ एप्रिल. शुक्रवारी ४ तारखेला साधा एक पानी अर्ज दिला असता तरी पुरलं असतं. राकेश कुमार पॉल खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तोंडी मागणीसुद्धा मान्य केली आहे. मी त्या दिवशी फोन केला होता, तो माझ्या मोबाइलमध्ये अजून दिसतो. "रामनवमी आहे, सुट्ट्या आहेत, पुढच्या आठवड्यात बघू." रामनवमी रविवारी होती. सोमवार-मंगळवार कोर्ट उघडं होतं. बुधवारी, ९ एप्रिलला दोषारोपपत्र दाखल झालं.

मे महिन्यात तुरुंगातल्या विधी स्वयंसेवकाने भावाला विचारलं, "तुझा वकील शेवटचा कधी भेटला?" तो एकदाही भेटला नव्हता. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नसते, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार त्याला वकील मोफत मिळतो. असे मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकील मॅडमनी नक्कल काढून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक तारखेला तेच वाक्य: "आरोपी व्हीसीद्वारे (तुरुंगातून व्हिडिओवर) हजर. आरोपीचे वकील गैरहजर." जामिनाचा अर्ज कुठेच नाही. त्या टेबलावर बोट ठेवून मी ते चारदा वाचलं.

जुन्या वकिलाने एनओसी, म्हणजे दुसरा वकील नेमायला ना-हरकत, द्यायला आणि कागद परत करायला वीस हजार 'बाकी' मागितले. मॅडमनी त्यांना आर. डी. सक्सेना प्रकरणातल्या २००० सालच्या निकालाची आठवण करून दिली: फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. दोन दिवसांत फाइल आली. नियमित जामीन झाला आणि भाऊ २० जूनला बाहेर आला. ४ एप्रिल ते २० जून, ७७ दिवस. पोलिसांवर आणि कोर्टावर आपण रोज बोलतो, बोलायलाही हवं. पण हे ७७ दिवस आमची बाजू मांडायला पैसे घेतलेल्या माणसाने गप्प बसून घालवले. माझ्या मते हा अन्याय यंत्रणेचा जेवढा, तेवढाच त्या काळ्या कोटाचा आहे.

तुमचं माणूस आत असेल तर पहिल्या रिमांडची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि दिवस मोजा. अर्ज दिला म्हणतात, तर त्याचा नंबर मागा. नंबर मिळाला की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तारीख स्वतः पाहता येते. पैसे रोख देऊ नका. आमच्याकडे पुरावा म्हणून फक्त कारकुनाच्या फोनपेवर पाठवलेले पाच हजार उरले. विधी सेवेचा टोल फ्री नंबर १५१०० आहे.

ग्राहक मंचात जायचं ठरवलं होतं, पण मे २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं आहे. म्हणून अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली. रोजनाम्याच्या नकला, कॉलची यादी, फोनपेचा स्क्रीनशॉट, सगळं शपथपत्रासोबत जोडलं. वर्षभरात निर्णय झाला नाही तर प्रकरण भारतीय विधिज्ञ परिषदेकडे जातं. तक्रार मागे घ्यावी म्हणून जुन्या वकिलाचा कारकून दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा आईनेच त्याला दारातून परत पाठवलं.