स्मृतिग्रंथाची छपाई : लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्याचं काम

दिवंगत सहकाऱ्याचा स्मृतिग्रंथ समारंभापुरता नसतो. त्यातली लेखनसूची शोधायला कुणीतरी तो पंचवीस वर्षांनीही उघडेल. तोवर पानं जागेवर राहायला हवीत. मोडी कागदपत्रांच्या एका अभ्यासकाच्या स्मरणार्थ निघालेला हा ग्रंथ कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत छापला गेला, आणि बांधणी अगदी मन लावून केली आहे.

डेमी आकार, 352 पृष्ठं, म्हणजे 16 पानी 22 फॉर्मे (फॉर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा). सगळे जुजबंदीनं, म्हणजे दोऱ्यानं, शिवलेले. नुसत्या गोंदावरची बांधणी स्वस्त पडते, पण झेरॉक्ससाठी प्रत दोन-चारदा उपडी घातली की मधली पानं सुटतात. 80 जीएसएम (चौरस मीटरला 80 ग्रॅम) मॅपलिथो कागदावर पुस्तकाचा कणा 18 मिलिमीटरच्या आसपास येतो. तरी कव्हर पक्कं करण्याआधी कोऱ्या कागदाची डमी बांधून मोजा. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे असले तर कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात पानांना लाटा येतात. पुठ्ठाही तेव्हा उशिरा वाळतो. दाबाखालून घाईनं काढलेल्या काही प्रती वाकल्या आहेत. अशा प्रती बदलून मागाव्यात.

अक्षरजुळणी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागते. जुन्या फॉन्टमधला लेख युनिकोडमध्ये नेताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. दोन प्रुफं पुरत नाहीत. तिसरं फक्त नावं, सनावळ्या आणि तळटीपांसाठी ठेवा. शकात 78 मिळवून इसवी सन काढतात, पण जानेवारी ते चैत्रारंभ या काळात 79 मिळवावे लागतात. आयुष्यभर तारखा पडताळणाऱ्या माणसाच्या ग्रंथात ही चूक राहता कामा नये.

मोडी पत्रांची चित्रं उत्तम उतरली आहेत, कारण ती 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) करड्या छटांत स्कॅन केली होती. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बोरूची बारीक रेघ तुटते आणि अक्षर भलतंच वाचलं जातं. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून लहान केला जातो आणि बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, छापखाना काढून देत नाही. राजा राममोहन रॉय एजन्सीकडे विनाशुल्क अर्ज करता येतो, तो छपाईआधीच करा. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय यांच्या प्रतीही आधीच आकड्यात धरा. मागाहून वीस प्रती वाढवायच्या तर मशीन पुन्हा लावण्याचा खर्च पडतो.