मेमटेस्ट८६ प्लस की प्राइम९५?

मशीन अधूनमधून अचानक रीस्टार्ट होत असेल, तर मी पहिला संशय रॅमवर घेतो. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधीच चालतं. त्यामुळे जवळपास सगळी रॅम तपासली जाते. रात्रभर चालू द्या. एक चूक दिसली तरी ती सोडून देऊ नका.

प्राइम९५ हे मुळात मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधणारं सॉफ्टवेअर. त्यातली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी (एफएफटी म्हणजे मोठ्या संख्यांचा झटपट गुणाकार करायची रीत) प्रोसेसरला अक्षरशः भाजून काढते, कारण आकडेमोड कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीतच मावते, रॅमची वाट पाहावी लागत नाही. तापमानावर डोळा हवाच! इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष २०१६च्या सुमारास प्राइम९५च्याच गणितातून उघड झाला.

ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवत असाल, तर दोन्ही चालवा, पण आधी मेमटेस्ट. खराब रॅमवर विंडोज चालवलं तर फायलीही बिघडू शकतात.