सामाजिक शास्त्रांतील आंतरविद्याशाखीय एम. ए. : शुल्क भरण्यापूर्वी

सामाजिक शास्त्रांतील आंतरविद्याशाखीय एम. ए. करावे की नाही, असे मला वरचेवर विचारले जाते, कारण ती पदवी मी घेतलेली आहे आणि पुढे संशोधनाच्याच कामात राहिले आहे. माझ्या विद्यापीठाचे नाव येथे देत नाही; ज्या उणिवांविषयी लिहिणार आहे, त्या केवळ त्या एका संस्थेच्या नव्हेत. माझे मत आधीच सांगून टाकते. ज्याच्या मनात एखादा प्रश्न घर करून बसला आहे आणि जो एका विषयात मावत नाही, त्याचे पैसे या पदवीत वसूल होतात. विषय निवडता येत नाही म्हणून जो इकडे वळतो, त्याला ती महाग पडते.

अभ्यासक्रमाचा साचा साधारण ठरलेला असतो: सामाजिक सिद्धान्तांचा एक सामायिक पेपर, संशोधन पद्धतींचा एक, वेगवेगळ्या विभागांतून निवडलेले काही ऐच्छिक पेपर आणि शेवटी लघुप्रबंध. शिकागो विद्यापीठाचा या प्रकारातील अभ्यासक्रम सुपरिचित आहे. एका वर्षात नऊ पेपर आणि लघुप्रबंध, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. ब्रिटनमध्येही बहुधा एकच वर्ष मिळते, तर युरोपात इतरत्र दोन वर्षांची पदवी अधिक रूढ आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात स्थिरस्थावर होईपर्यंत लघुप्रबंधाचा विषय द्यावा लागतो, हे प्रवेश घेताना ध्यानात येत नाही.

या शिक्षणातून नेमके काय मिळते, हे एका सेमिनारच्या आधारे सांगता येईल. विषय होता सामायिक कुरणाचा. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली असे मांडले की कुरण सर्वांना खुले असेल, तर प्रत्येक पशुपालक आणखी एक जनावर सोडत राहील, कारण नफा त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांचा. अखेर कुरण उजाड होईल. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे गणित फळ्यावर मांडले, तेव्हा ते बिनतोड वाटले. पुढच्या आठवड्यात मानवशास्त्राच्या प्राध्यापिकेने एवढेच विचारले की हे पशुपालक एकमेकांशी बोलत का नाहीत. मग तिने रॉबर्ट नेटिंग या मानवशास्त्रज्ञाने अभ्यासलेल्या टोर्बेल या स्विस गावाचा दाखला समोर ठेवला. तेथील १५१७ सालच्या नियमानुसार, हिवाळाभर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच गाई उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवता येत. नियम गावानेच केलेला होता आणि त्यावर देखरेखही गावाचीच होती. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी टोर्बेलसारखी उदाहरणे अनेक देशांतून गोळा केली आणि सामायिक संसाधने कोणत्या अटींवर टिकतात हे दाखवून दिले. त्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्या स्वतः राज्यशास्त्राच्या अभ्यासक होत्या. जीवशास्त्रज्ञाने उपस्थित केलेला प्रश्न, अर्थशास्त्राने उचलून धरलेले गणित, मानवशास्त्राने जमवलेली सामग्री आणि राज्यशास्त्राने दिलेले उत्तर, हे सारे एका सत्रात एकापाठोपाठ वाचायला मिळणे ही या पदवीची खरी कमाई आहे. एकाच विभागात शिकले असते, तर यातला बहुधा एखादाच आठवडा माझ्या वाट्याला आला असता.

माहितीपत्रकात मात्र या गोष्टीची दुसरी बाजू येत नाही. विषयांच्या सीमा ओलांडणाऱ्या ज्या अभ्यासकांची नावे अभिमानाने घेतली जातात, त्यांनी आधी एका विषयात खोलवर काम केलेले होते. ऑस्ट्रम आणि हर्बर्ट सायमन यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, डॅनियल काहनेमान यांची मानसशास्त्रातली. सायमन यांना १९७८ साली आणि काहनेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण तोवर त्यांचे पाय आपापल्या विषयात पक्के रोवलेले होते. तेव्हा ज्यांची पहिली पदवी एकाच विषयातली आणि भक्कम आहे, त्यांनाच या एम. ए.चा पुरेपूर उपयोग होतो, असे मला वाटते.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा या पदवीवरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि संशोधन पद्धतींपुरता तो खरा आहे. अर्ध्या सत्रात संख्याशास्त्र आणि अर्ध्या सत्रात मुलाखती व क्षेत्रकार्य शिकवले, की विद्यार्थी रिग्रेशन, म्हणजे दोन-तीन गोष्टींचा परस्परसंबंध आकड्यांनी मोजण्याची रीत, चालवू शकतो, पण आलेला निष्कर्ष कुठे फसवा असू शकतो हे त्याला कळत नाही. मुलाखती घेता येतात, मात्र शेकडो पानांच्या संवादातून मुद्दे कसे वेचायचे, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते. एखाद्या विभागाचा पद्धतींचा प्रगत पेपर ऐच्छिक म्हणून घेता येत असेल, तर तो अवश्य घ्यावा, मग एखादा आकर्षक नावाचा पेपर हुकला तरी चालेल.

लघुप्रबंधाला दोन मार्गदर्शक, तेही वेगळ्या विषयांचे, ही मला या अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाची सोय वाटली. माझा विषय घरातील वृद्धांची शुश्रूषा कोण करते आणि त्या श्रमाची किंमत कशी धरावी, हा होता. पहिल्या खर्ड्याच्या एकाच परिच्छेदाशेजारी दोन शेरे होते. ‘हे शब्द त्यांचे की तुमचे?’ असे समाजशास्त्राच्या मार्गदर्शकाने लिहिले होते आणि त्याखाली अर्थतज्ज्ञाने, ‘जास्त म्हणजे कशाच्या तुलनेत?’ दोन्ही प्रश्नांना उतरेल असा तो परिच्छेद लिहिताना मी जे शिकले, ते कोणत्याही पेपरात शिकले नाही. मात्र दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्याचाही अनुभव आला. कोणताच विभाग मला आपली विद्यार्थिनी मानत नव्हता. विभागातील व्याख्यानांची सूचना माझ्यापर्यंत पोहोचत नसे, आणि शिफारसपत्र कोणी द्यायचे यावर दोन्ही मार्गदर्शक एकमेकांकडे बोट दाखवत.

पुढच्या वाटेचा हिशेब देशागणिक बदलतो. अमेरिकेत पीएच.डी.साठी एम. ए. असावेच लागते असे नाही, आणि मोठी विद्यापीठे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी व विद्यावेतन देतात. तेथे स्वतःच्या खिशातून एम. ए.चे शुल्क भरणे म्हणजे तयारीची आणि शिफारशीची किंमत मोजणे होय. युरोपात ही पदवी पीएच.डी.आधीची नेहमीची पायरी असल्याने तो खर्च एरवीही टळत नाही. अध्यापनाच्या जागा विषयवार निघतात, त्यामुळे तिकडे जायचे असेल तर पुढची पदवी एका विषयातच घ्यावी. इतर नोकऱ्यांत पदवीच्या लांबलचक नावाचा अर्थ कोणी विचारत बसत नाही. कोणता प्रश्न घेतला, माहिती कशी मिळवली आणि काय हाती लागले, हे थोडक्यात सांगता आले पाहिजे.

प्रवेशापूर्वी मागील वर्षीच्या लघुप्रबंधांची यादी मार्गदर्शकांच्या नावांसह मागावी. नावे निरनिराळ्या विभागांतील नियमित प्राध्यापकांची असतील, तर अर्ज करायला हरकत नाही. यादी देण्यास टाळाटाळ झाली किंवा बहुतेक लघुप्रबंध मोजक्याच तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या नावावर दिसले, तर तेथील आंतरविद्याशाखीयता माहितीपत्रकापुरतीच आहे असे समजावे आणि तेवढ्याच शुल्कात एखाद्या विषयातील सरळ एम. ए. करावे.