बजेट गेमिंग पीसीला प्रोसेसर कोणता: ५६००, १२४००एफ, ५६००जी की थेट एएम५?

पुण्यात टिळक रोडवर पीसीचं कोटेशन घ्यायला गेलात की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "इंटेल की एएमडी?" त्याला उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट घरीच ठरवून जा: ग्राफिक कार्ड आत्ता घ्यायचंय की वर्षभराने? निम्मा निकाल तिथेच लागतो. उरलेला निम्मा मदरबोर्ड आणि रॅमच्या भावावर. म्हणून नुसत्या प्रोसेसरचा भाव विचारू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिघांचा मिळून आकडा काढून घ्या.

कार्ड आत्ताच घेत असाल तर खरी लढत एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ यांच्यात आहे. दोन्ही २०२२चे, दोन्हींना ६ कोअर आणि १२ थ्रेड, दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, आणि दोन्हींच्या डब्यात कुलर येतो. ५६००ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, १२४००एफची १८. कागदावर हा फरक मोठा दिसतो, खेळताना तो शोधावा लागतो. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०सारखं कार्ड लावून १०८०पीवर खेळलात तर बहुतेक मोठ्या गेममध्ये आधी कार्ड दमतं. त्यामुळे या दोघांत कोण भारी यावर रात्र जागवणाऱ्यांनी निवांत झोपावं.

फरक पडतो तो बोर्डात, आणि हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पीसीआयई म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता; ४.० हा ३.०पेक्षा रुंद. ५६०० पीसीआयई ४.० चालवतो खरा, पण बोर्ड बी५५० किंवा एक्स५७० असेल तरच. कोटेशन खाली आणायला ए५२० किंवा बी४५० लावला की कार्डाचा स्लॉट ३.० वर येतो. १२४००एफचं तसं नाही. साध्या एच६१० बोर्डावरही कार्डाला ४.० मिळतं. आता आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डं या रस्त्याच्या १६ ऐवजी ८ लेनवरच चालतात. ३.० वर एरवी थोडंच नुकसान होतं, पण गेमने कार्डाची मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम झटके खायला लागतो. म्हणून सगळ्यात स्वस्त बोर्डच घ्यायचा असेल तर माझं मत १२४००एफ आणि एच६१०. बी५५० परवडत असेल, किंवा घरी आधीपासून एएम४ (५६०० ज्यात बसतो तो सॉकेट) बोर्ड आणि डीडीआर४ रॅम पडलेली असेल, तर ५६००. जुना बी४५० असेल तर ५६०० बसवायच्या आधी बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर पडदा काळाच राहील.

रायझन ५ ५५०० नावात १०० नेच मागे वाटतो. प्रत्यक्षात कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई ३.०च, बोर्ड कुठलाही लावा. भावात घसघशीत फरक असेल तरच विचार करा.

आय३-१२१००एफ फक्त व्हॅलोरंट, सीएस२ असल्या गेमसाठी. तिथे तो स्वस्तात मस्त आहे. पण ४ कोअरवर आजचे मोठे ओपन वर्ल्ड गेम अडखळतात, आणि मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर उघडे ठेवायची सवय असेल तर जास्तच.

कार्ड पुढच्या वर्षी, असं ठरत असेल तर रायझन ५ ५६००जी. यात प्रोसेसरच्या आतच व्हेगा ग्राफिक्स आहे, ते व्हॅलोरंट, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालवतं. इथे सगळं रॅमवर अवलंबून आहे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. १६ जीबी रॅमची एकच काडी लावली तर अर्धाच रस्ता उघडा राहतो आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलेच पडतात. ८ जीबीच्या दोन काड्या, ३२०० स्पीडच्या, असं कोटेशनवर लिहूनच घ्या. दुकानदार म्हणेल, "एक स्लॉट मोकळा ठेवू, पुढे वाढवता येईल." गोड बोलून नाही म्हणा. ५६००जीचीही कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.०च, म्हणजे पुढे कार्ड लावल्यावर हा ५६००ची बरोबरी करणार नाही. कार्ड तीन-चार महिन्यांत येणारच असेल तर थांबा आणि सगळं एकदम घ्या. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष आहे, प्रोजेक्टसाठी मशीन आजच हवंय, तर मात्र ५६००जी घेऊन मोकळे व्हा.

एएम५ म्हणजे एएमडीचा नवा सॉकेट, त्याचा हिशेब वेगळा. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० वरच्या सगळ्यांपेक्षा सरळ वेगवान आहेत, आणि एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं सांगितलं आहे. म्हणजे काही वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नवा प्रोसेसर घालता येईल. एएम४ आणि एलजीए१७०० (१२४००एफचा सॉकेट) दोन्ही शेवटच्या स्टेशनावर पोहोचलेत. इंटेलने २०२४मध्येच नवा सॉकेट एलजीए१८५१ आणला. अडचण एकच, एएम५ला डीडीआर५शिवाय चालत नाही, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जे कडाडले त्यात डीडीआर५ने तर कहर केला. एएम५ घेण्यासाठी कार्ड एक पायरी खाली उतरवावं लागत असेल तर एएम५ सोडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन स्पर्धात्मक गेमच खेळणार असाल तर उलट करा. तिथे प्रोसेसरच एफपीएस ठरवतो.

'एफ' अक्षराचं ध्यानात ठेवा. १२४००एफ, ७५००एफ यांच्यात ग्राफिक्सच नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत मशीन झाकून ठेवायचं. ५६००लाही तेच लागू, नावात एफ नसला तरी. ७६००मध्ये जेमतेम डिस्प्ले दाखवण्यापुरतं ग्राफिक्स आहे, पण असल्या वेळी तेवढंही पुरतं.

कोणी वापरलेला १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ स्वस्तात देत असेल तर हात आखडता घ्या. व्होल्टेजमुळे यातले प्रोसेसर खराब होत असल्याचं इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला ही भानगड नाही. वापरलेला एएम४ प्रोसेसर घेताना उलटा करून पिना बघा, त्या प्रोसेसरलाच असतात. एलजीए१७००मध्ये त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे टॉर्च मारा. नवा घेताना "ट्रे पीस आहे, स्वस्त पडेल" (म्हणजे कंपनीच्या डब्याशिवाय सुटा प्रोसेसर) असं ऐकलंत तर वॉरंटी कंपनीची की दुकानाची ते विचारा, आणि सीरियल नंबर टाकलेलं जीएसटी बिल घ्या.