इंग्रजी राणी, साइज मध्यम

शाळेच्या गॅदरिंगला पोशाख भाड्याने आणायचे म्हटलं की कोल्हापुरात कुणी फार डोकं खाजवत नाही. मावळे, मासाहेब, वासुदेव, नऊवारीतल्या दहा मुली. फोनवर मापं सांगायची आणि संध्याकाळी गाठोडं घेऊन यायचं. यंदा मी मात्र आठवीच्या इतिहासातला युरोपचा प्रबोधनकाळच स्टेजवर आणायचा हट्ट धरला. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, व्हास्को-द-गामा आणि दोन खलाशी, कालिकतचा सामुरी राजा, चौकटीत बसलेली मोनालिसा, आणि शेवटी आपले राजाराम महाराज. महाराज यात कुठून आले ते पुढे सांगते.

मिरजकर तिकटीजवळच्या एका बोळात ड्रेपरीचं जुनं दुकान आहे. त्याबद्दल हे लिहिते आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं चांगली आहेत. त्या भागात ज्याला विचाराल तो दाखवेल. खाली अंधारा गाळा, वर माळा, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका. प्रत्येक ट्रंकेवर खडूने लिहिलेलं: ‘राम-लक्ष्मण’, ‘मोगल’, ‘पोलीस’, ‘परी’. एका ट्रंकेवर नुसतंच ‘इंग्रजी’.

मालक मामा साठीच्या पुढचे. मी यादी वाचून दाखवली तर म्हणाले, “इंग्रजी राजा हाय की बाई. राणीबी हाय. खलाशी किती पायजेत?” मला वाटलं, झालं काम.

ट्रंक उघडली. राणीच्या पिशवीवर चिठ्ठी होती, ‘इंग्रजी राणी, साइज मध्यम’. आत पांढऱ्या सॅटिनचा झगा, कमरेपासून खाली नेटचा फुगा, पाठीला चेन. बाहीवर एका ठिकाणी पंख शिवल्याचे टाके अजून दिसत होते, म्हणजे ही बाई मूळची परी. व्हास्को-द-गामासाठी सोनेरी बटणांचा लांब लाल कोट, डोळ्यावरची काळी पट्टी आणि तीन कोनांची टोपी. टोपीवर कवटी. मी म्हटलं, मामा, हा चाचा आहे. गामा पोर्तुगालच्या राजाने पाठवलेला कप्तान होता. “आवो, बोटीवरचाच न्हवं? पोरं लांबनं बघणार.”

लांबून बघणाऱ्यांसाठी काहीही चालतं, हा ड्रेपरीवाल्यांचा जुना मंत्र आहे, आणि मावळ्यांच्या बाबतीत त्यांच्यापुढे तो कुणी म्हणून दाखवावा. फेट्याचा एक पीळ इकडचा तिकडे झाला तर हेच मामा दुसऱ्याच्या दुकानाची अब्रू काढतील. कवटी आणि हाडांचा झेंडा चाच्यांनी मिरवला तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. गामा वारला १५२४ मध्ये, कोचीनला. मधे जवळजवळ दोनशे वर्षं. हे सांगितल्यावर मामांनी मुकाट्याने ब्लेड आणून कवटी उसवली आणि एक कोन खाली पाडला. तरी ती टोपी काही गामाची झाली नाही. शेवटी मी शाळेतल्याच एका जुन्या काळ्या लोकरी टोपीचा वरचा भाग दाबून चपटा केला. चित्रांत गामा तसली चपटी काळी टोपी घालतो, खाली छातीभर दाढी. दाढी दुकानाचीच, उत्तम होती, दहापैकी दहा. गोंद मात्र आपला न्यावा, त्यांच्या गोंदाने एका खलाशाच्या गालाला पुरळ आला.

टोपीसाठी एवढा जीव का काढला, तर आमच्या प्रसंगात टोप्यांना काम होतं. गामा ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला लागला. सामुरीला द्यायला त्याने काय काढलं? पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा तस्तं, एक पेटी साखर, दोन पिंपं तेल आणि दोन पिंपं मध. सामुरीची माणसं हसली. म्हणाली, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याच्यापेक्षा जास्त देतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातली आमची पोरं ‘एक पेटी साखर’ या वाक्याला तालमीतही हसायची, प्रयोगाला तर पालकही हसले.

सामुरीचा पोशाख ही दुकानाची दुसरी चूक. त्यांनी ‘मोगल’ ट्रंकेतला जरीचा जाडजूड अंगरखा दिला. मलबारच्या दमट हवेत तो घालून राजा दरबारात बसला असता तर आधी घामाने गेला असता. गामाबरोबरच्या एका माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत सामुरी हिरव्या मखमली बैठकीवर रेललाय, विडा चघळतोय आणि हातात सोन्याची मोठी पिकदाणी आहे. मी अंगरखा परत केला, माझ्या घरचं कसवी काठाचं उपरणं नेसवलं आणि गळाभर माळा घातल्या. पिकदाणी मात्र त्यांच्याकडे अशी निघाली की बघत राहावं. घाटदार, पितळी, कुठल्या तरी तमाशा फडाची असणार. भाडं तीस रुपये. त्या पिकदाणीने अख्खा प्रसंग तोलला.

आता राणीचा गळा, म्हणजे मानेभोवतीची ती चुण्यांची कॉलर. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

एलिझाबेथचं, स्पेनचं आरमार परतवून लावल्यानंतरचं, ते प्रसिद्ध चित्र मी छापून नेलं होतं. १५८८ ची गोष्ट. मागे गलबतं, एक हात पृथ्वीच्या गोलावर, अंगावर मोत्यांचे सर, आणि चेहऱ्याभोवती सूर्यासारखी पांढरी चकती. दुकानात त्या चकतीच्या नावाने पुठ्ठा होता, वर चमकी कागद चिकटवलेला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, छापील कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ह्यो पुठ्ठा न्हवं. ह्ये कापड हाय. खळीचं काम हाय ह्ये.”

बरोबर ओळखलं. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या काळात इंग्लंडमध्ये बारीक कापडाला खळ लावायची कला नीट कुणाला येत नव्हती. १५६४ मध्ये डिंगेन नावाची एक बाई नवऱ्याबरोबर फ्लँडर्सकडून, म्हणजे आताच्या बेल्जियमकडून, लंडनला आली आणि तिने त्याचे वर्गच सुरू केले. खळ लावायला शिकवायचे चार-पाच पौंड, आणि खळ शिजवायला शिकायची असेल तर वीस शिलिंग वेगळे. हे ऐकून आतून मामी बाहेर आल्या. “शिजवायचं वेगळं? शाणी हुती की बाई.”

पुढचं सगळं मामींनी केलं. पांढरी मलमल सहा मीटर, चार-चार इंची पट्ट्या फाडून एकमेकींना जोडलेल्या. एका कडेला बारीक लेस. दुसरी कड दोऱ्याने ओढत ओढत चौदा इंचांच्या गळपट्टीत बसवली. सहा मीटर कापड चौदा इंचांत! रात्रभर भिजवलेला साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवला, फडक्यातून गाळला, नखभर नीळ टाकली. खळीत बुडवलेली ती चुण्यांची माळ पाटावर गोल मांडली आणि प्रत्येक चुणीच्या पोटात एक एक पेन्सिल घातली, म्हणजे वाळताना भोक मिटणार नाही. पेन्सिली कमी पडल्या तेव्हा मी वर्गातून गोळा करून आणल्या. परत करताना त्यांना साबुदाण्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मामींनी गॅसवर लोखंडी सळई तापवली, ओल्या फडक्यावर टेकवली, चर्र झालं. मग एकेक चुणीत ती सळई घालून फिरवली. प्रत्येक भोक इंग्रजी आठासारखं गोल उभं राहिलं. एलिझाबेथच्या धोबिणीही हेच करत, तापवलेल्या सळयांनी. मामींना मी हे आधी सांगितलं नाही, मुद्दाम. त्यांनी झारीतल्या पाण्याचे दोन थेंब मारले आणि म्हणाल्या, “पावसात न्हेऊ नका. बसंल.” तिथेही पावसात असे गळे मान टाकत.

गळा चढवल्यावर आमच्या राणीला, म्हणजे नववीतल्या एका बडबड्या मुलीला, खाली बघता येईना. स्वतःचे पाय दिसेनात. पाणी स्ट्रॉने, वडापाव मैत्रिणीने भरवलेला. वीस मिनिटांत तिची चालच बदलली, मान ताठ, बोलणं कमी. दिग्दर्शक म्हणून मी तिला महिनाभर सांगत होते की राणीसारखी चाल, ते त्या गळ्याने एका झटक्यात केलं. काम न करावं लागणाऱ्या माणसाचा पोशाख म्हणजे काय, हे पोरींना धड्यापेक्षा त्या वडापावाने कळलं.

बाह्यांचंही मामांनी छान जमवलं. त्या काळी वरचं कापड चिरून आतलं अस्तर बाहेर डोकावू द्यायची फॅशन होती. मामा म्हणाले, भाड्याचा कपडा चिरणार नाही, काय वाट्टेल ते होऊ दे. त्यांनी हिरव्या बाहीवर पांढऱ्या सॅटिनचे फुगे टाचले आणि वरून सोनेरी नाडी फिरवली. पाचव्या रांगेतून चिरलेलीच दिसते. बाह्या तेव्हा वेगळ्या असत, नाड्यांनी बांधत, त्यामुळे परीच्या झग्याला त्या नुसत्या जोडल्या. मोती महाद्वार रोडवरचे, माझ्या पैशाने.

मोनालिसाला खर्च नाही. तिच्या अंगावर एकही दागिना नाही, डोक्यावरून पातळ काळी ओढणी, बस. दुकानाने हार, बिंदी, कानातले सगळं पुढे केलं होतं, मी नको म्हटल्यावर मामा खट्टू झाले.

आणि राजाराम महाराज. इटलीतलं फ्लॉरेन्स म्हटलं की पोरांना मोनालिसा काढणारा लिओनार्दो आठवतो, मला आपले महाराज आठवतात. शाहू महाराजांच्या आधीचे, दुसरे राजाराम. इंग्लंडचा दौरा आटपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, वय विशीचं. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि तिथे १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. तिथल्या पुलालाही ‘इंडियानो’ नाव आहे. तर प्रबोधनकाळाच्या गावाशी कोल्हापूरचं नातं हे असं. या पोशाखाला दुकानाने कागद बघितला नाही, प्रश्न विचारला नाही. फेटा, तुरा, गळ्यातलं, अंगरख्याचा घेर, सगळं बिनचूक, आणि मुलाच्या डोक्यावर फेटा बांधायला मामा स्वतः पहाटे सहाला शाळेत हजर. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. सभागृहात शिट्ट्या पडल्या त्या त्यालाच.

आता तक्रार. सगळे पोशाख मिळून भाडं दोन हजार आठशे झालं, गळ्याचे कापड-मजुरीसह सहाशे वेगळे, अनामत तीन हजार. परत करताना काउंटरवर मामा नव्हते, त्यांचा भाचा होता. राणीच्या झग्याच्या गळ्याशी लिपस्टिकचा डाग आहे म्हणून त्याने चारशे कापले. तो डाग नेतानाच होता. मी म्हटलं, फोटो आहे. म्हणाला, फोटोत नीट दिसत नाही. मामांना फोन केला तर ते कागलला लग्नात. चारशे गेलेच. तेव्हा नेताना प्रत्येक कपडा उजेडात उलगडून, डागावर बोट ठेवून फोटो काढा आणि पावतीवर लिहून घ्या. आणि बूट तिथून घेऊ नका, एकच जोड आहे, नऊ नंबरचा, तळ सुटलेला. आमचा एक खलाशी पापाच्या तिकटीच्या कोल्हापुरी चपला घालून कालिकतला उतरला, आणि खरं सांगते, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चिडून घरी आले तेव्हा मला टॉमस जाइल्स आठवला. १५७२ साली लंडनमध्ये हा माणूस पोशाख भाड्याने द्यायचा धंदा करायचा. त्याने सरकारदरबारी तक्रार केली, की राणीच्या दरबारातले सोंगांचे पोशाख सांभाळणारा अधिकारीच ते परस्पर बाहेर भाड्याने देतो, लग्नांना, वकिलांच्या जेवणावळींना. पोशाख चिखला-गर्दीत मळतात, आणि आपल्यासारख्याचं गिऱ्हाईक जातं ते वेगळंच. राणीचे कपडे डागाळल्याचं रडगाणं साडेचारशे वर्षांचं आहे म्हणायचं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंबरोबर परत त्या दुकानात गेले. मामांनी चहा मागवला, चारशेचं ऐकून भाच्याला माझ्यासमोर झापलं आणि दोनशे परत दिले. बाकीचे दोनशे पुढच्या वर्षी वळते करतो म्हणाले. निघताना वर लक्ष गेलं. ‘इंग्रजी’ ट्रंकेच्या वरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत माझा गळा लटकत होता. सहाशे मी भरले होते, पण घरी न्यायचा राहूनच गेला होता. पिशवीवर नवी चिठ्ठी: ‘राणी गळा (खरा), रोज १५०’.

मागितलात तर मामींकडून आदल्या दिवशी नव्याने खळ मारून घ्या. लटकून लटकून एका बाजूला बसलाय.